मुलं सांभाळायचं काम हवंय? आधी इस्त्रीवाल्याला विचारा

पुण्या-मुंबईत मूल सांभाळायचं बारमाही काम हवं असेल तर चालत पंधरा मिनिटांच्या पलीकडचं घर बघूच नका. पावसात बस चुकली, तुम्ही अर्धा तास उशिरा पोचलात, की तिकडे आईची मीटिंग बुडते. असं दोनदा झालं की काम गेलंच समजा.

विचारायचं कुठे? सोसायटीचा वॉचमन, बालवाडीच्या ताई आणि कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. कोणाच्या गाठोड्यात झबली यायला लागली हे त्याला शेजाऱ्यांच्या आधी कळतं! कंपनीत नोकरी करणाऱ्या बाईला पहिल्या दोन बाळंतपणांना कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा असते, त्यातले ८ आठवडे आधी घेता येतात. म्हणजे बाळ चार-सहा महिन्यांचं झालं की घरात शोधाशोध सुरू. बारशाची बातमी लागली की तेव्हाच नंबर देऊन ठेवा. दुसरा हंगाम जूनचा, शाळा उघडतात तेव्हा.

पहिल्या भेटीला आधारकार्डाची झेरॉक्स आणि आधीच्या घरचा फोन नंबर न्या. पोलीस पडताळणीचं विचारलं तर रागावू नका, हल्ली सगळ्यांनाच विचारतात. पैशाचं मात्र तिथेच बोला: तास किती, रविवारी सुट्टी का, आणि बाळाच्या घरचे गावी गेले तर त्या आठवड्याचा पगार मिळणार का. मे महिन्यात याच्यावरूनच हमखास वाजतं. ‘जाता जाता तेवढी भांडी घास’ हे कामात धरलंय का, तेही विचारून घ्या.