चौदा दिवस बिबच्या तारखेपर्यंत मोजा

साथीमुळे लसीचं प्रमाणपत्र मागणाऱ्या मॅरेथॉनला नाव नोंदवलं असेल, तर आधी कॅलेंडर समोर घ्या. बूट, एनर्जी जेल, प्लेलिस्ट नंतर. कोविडच्या साथीत, २०२१-२२ मध्ये, शेवटच्या डोसनंतर १४ दिवस पूर्ण झाल्याशिवाय बहुतेक ठिकाणी ‘लसीकरण पूर्ण’ धरत नव्हते. आणि हे १४ दिवस शर्यतीच्या दिवसापर्यंत मोजायचे नाहीत, बिब (छातीवर लावायचा धावपटूचा क्रमांक) घेण्याच्या दिवसापर्यंत मोजायचे. मी शर्यतीपर्यंत मोजले. रविवारी बरोबर १४ भरत होते, पण बिब फक्त शनिवारी मिळणार होतं आणि प्रमाणपत्राची तपासणी त्याच काउंटरवर होती. तेरा दिवस. सहा महिन्यांचा सराव झालेला, बाकी सगळे कागद बरोबर, तरी परत फिरावं लागलं. काउंटरवरच्या लोकांची काही चूक नव्हती. नियमावलीत ते स्पष्ट लिहिलं होतं, मीच वाचलं नव्हतं.

म्हणून उलटं मोजा. बिबची तारीख धरा, १४ दिवस मागे जा, शेवटचा डोस तिथे किंवा त्याच्याही आधी. डोसचा दिवस शून्य, पहिला नव्हे. मग दोन डोसमधलं अंतर: कोविडच्या लशींत फायझरला २१ दिवस, मॉडर्नाला २८ होतं. म्हणजे पहिला डोस बिबच्या किमान ३५ किंवा ४२ दिवस आधी. अ‍ॅस्ट्राझेनेकासाठी जागतिक आरोग्य संघटनेने ८ ते १२ आठवड्यांचं अंतर सुचवलं होतं, तिथे तर नोंदणी केली त्याच आठवड्यात पहिला डोस घ्यायला हवा होता. जॉन्सन अँड जॉन्सनचा डोस एकच होता, पण त्यानंतरचे १४ दिवस चुकत नव्हते. प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून हा नियम होता. विनवण्या करून तो हलत नव्हता. शिवाय चार-पाच दिवस हाताशी ठेवा, कारण केंद्रावरची लस संपते किंवा ऐन वेळी आपल्यालाच ताप येतो.

प्रेक्षक म्हणून जाणाऱ्यांनीही हेच मोजावं. जुलै २०२१ मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावरच्या युरो फुटबॉल अंतिम सामन्याला दुसऱ्या डोसनंतर १४ दिवस झाल्याचा पुरावा किंवा निगेटिव्ह चाचणी मागितली होती.

स्पर्धेचा नियम आणि देशाचा नियम वेगवेगळे असतात, दोन्ही वाचा. टेनिसपटू नोव्हाक जोकोविचला २०२२ च्या ऑस्ट्रेलियन ओपनसाठी आयोजकांनी वैद्यकीय सूट दिली होती, तरी सरकारने व्हिसा रद्द केला आणि एकही सामना न खेळता त्याला परतावं लागलं. २०२१ च्या शिकागो मॅरेथॉनला लस नसेल तर ७२ तासांच्या आतली निगेटिव्ह चाचणी चालत होती, पण त्याच वर्षी ८ नोव्हेंबरपासून परदेशी प्रवाशांना विमानाने अमेरिकेत शिरायलाच पूर्ण लसीकरण लागू लागलं. स्पर्धेला चाचणी चालते म्हणून विमानतळावर चालेल असं समजू नका. तुमची लस त्या देशाच्या मान्य यादीत आहे का, हेही पैसे भरण्याआधी बघा.

प्रमाणपत्रावरचं नाव आणि जन्मतारीख ओळखपत्राशी अक्षर न् अक्षर जुळली पाहिजे. दुरुस्तीला दिवस लागतात, आजच बघा. क्यूआर कोड स्कॅन होतो का ते दुसऱ्याच्या फोनवर तपासा. छापील प्रत जवळ ठेवा, गर्दीत नेटवर्क मिळत नाही. बूस्टर मागितलाय का, जुन्या प्रमाणपत्राची मुदत संपलीय का, हे पाहा: युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासासाठी प्राथमिक लसीकरणाचं प्रमाणपत्र २७० दिवसच ग्राह्य धरलं.

डोसच्या दुसऱ्या दिवशी लांब धाव ठेवू नका. दंड दुखतो, अंग मोडून येतं. फायझर-मॉडर्नासारख्या एमआरएनए लशीनंतर निदान आठवडाभर जोरकस व्यायाम टाळा, असं सिंगापूरच्या आरोग्य मंत्रालयाने २०२१ मध्ये सांगितलं होतं, कारण क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते. छातीत दुखलं तर धावणं थांबवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. सरावाचं वेळापत्रक डोसप्रमाणे हलवा, डोस सरावाप्रमाणे नको.

चाचणीचे ७२ तास कुठून धरतात ते विचारून घ्या, नमुना दिल्यापासून की अहवाल आल्यापासून. मास्क. सॅनिटायझर. लक्षणं असतील तर जाऊ नका, लस झालेली असली तरी.

बॅग भरताना बिबचा ईमेल उघडा आणि तारखा बोटांवर मोजा. शर्यतीची तारीख नव्हे, बिबची.