जुन्या रेल्वेमार्गावरून चालताना: उतरायच्या जागा आधी मोजा

बंद रेल्वेमार्गाची हिरवी वाट झाली तरी घडण रेल्वेचीच राहते. चढ अगदी मंद, त्यामुळे किती चाललो ते कळत नाही. अडचण येते ती बाहेर पडताना. वाट पुलावर किंवा डोंगर कापून काढल्यासारख्या खोलगट भागात असेल, तर मधूनच रस्त्यावर येता येत नाही. पॅरिसमधली १९९३ साली खुली झालेली वाट सुरुवातीला अशीच उंच कमानींवरून जाते. म्हणून निघण्याआधी जिने आणि लिफ्ट नकाशावर बघून ठेवा. सोबत बाबागाडी किंवा व्हीलचेअर असेल, तर लिफ्ट चालू आहे का हे त्याच दिवशी तपासा.

रूळ जागेवर असतील तर स्लीपरवरून, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांवरून, चालू नका. दोन स्लीपरमधलं अंतर साधारण ६० सेंटिमीटर, मोठ्या माणसाचं पाऊल ७०च्या आसपास. ताल जमत नाही आणि खडीत घोटा मुरगळतो. जुन्या लाकडी स्लीपरवर बसणंही टाळा. लाकूड कुजू नये म्हणून त्यांत मुरवलेलं क्रिओसोट नावाचं तेल उन्हात काळं, चिकट पाझरतं. कपड्यावरचा डाग सहसा जात नाही आणि कातडीची आग होते.

खोलगट भागात ऊन पोचत नाही, शेवाळ टिकतं. तिथे घट्ट पकडीचे बूट हवेतच. बोगदा असेल तर टॉर्चही घ्या.