टाइम स्लिपवरून हॉर्सपॉवर कसं काढायचं?

ड्रॅग रेसमधलं क्वार्टर माईल, म्हणजे ४०२ मीटर, संपल्यावर हातात येणाऱ्या स्लिपवर वेळ असतो आणि ट्रॅप स्पीड, म्हणजे शेवटच्या रेषेपाशी मोजलेला वेग, असतो. मित्रांत मिरवायला वेळ बरा, पण ताकद काढायची तर वेग धरा. लाँचला, म्हणजे रेषेवरून सुटताना, टायर जागच्या जागी फिरले किंवा क्लच जास्त घसरला, की वेळेची वाट लागते. शेवटच्या वेगाला मात्र फारसा धक्का बसत नाही.

वजन ब्रोशरमधलं घेऊ नका. ट्रकच्या वजनकाट्यावर गाडी घाला, ड्रायव्हर आत बसलेला आणि टाकीत रनच्या वेळी असेल तेवढंच पेट्रोल. (दहा लिटर म्हणजे साडेसात किलो.)

अमेरिकेत रुळलेलं सूत्र पौंड आणि मैलांत आहे, त्यातला आकडा २३४. किलो आणि ताशी किलोमीटरसाठी तो २८९.४ होतो:

हॉर्सपॉवर = वजन × (ट्रॅप स्पीड ÷ २८९.४)³

गाडी १५०० किलो, वेग १६०. भागाकार ०.५५३, त्याचा घन ०.१६९, म्हणजे साधारण २५४ हॉर्सपॉवर.

आता वेळेवरून पडताळा: वजन × (७.५८ ÷ सेकंद)³. त्याच गाडीला १४.६ सेकंद लागले असतील तर उत्तर २१० येतं. मधले ४४ इंजिनातून नाही, सुरुवातीच्या काही मीटरांत गेले. टायरमधली हवा आणि लाँचचे आरपीएम तपासा, इंजिन ट्यून करणाऱ्याला फोन नंतर. उलट वेळेवरून काढलेली हॉर्सपॉवर जास्त आली, तर फोर व्हील ड्राइव्हचं तगडं लाँच असेल, नाहीतर रेषेच्या अलीकडेच पाय उचलला असेल.

वेगाचा घन होतो, म्हणून वेगात एक टक्का चूक झाली की ताकदीत तीन टक्के. नेमकी इथेच मोबाइलवरची जीपीएस ॲप्स फसवतात. ड्रॅग स्ट्रिपवरचा (रेसच्या सरळ पट्टीवरचा) ट्रॅप स्पीड हा शेवटच्या २० मीटरांची सरासरी असतो, ॲप मात्र रेषेवरचा वेग दाखवतं. अशा गाडीत फरक दीड-दोन किलोमीटरचा, म्हणजे सात ते दहा हॉर्सपॉवर फुकटात. तेवढा वेग आधी वजा करा.

अ‍ॅम्बी व्हॅलीसारख्या सह्याद्रीवरच्या धावपट्टीवर हवा विरळ असते. टर्बो नसलेलं इंजिन दर १०० मीटर उंचीला साधारण एक टक्का गमावतं. टर्बोवाल्यांचं नुकसान कमी.

येणारा आकडा इंजिनचा आहे. डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) चाकांपाशी तो ढोबळमानाने १५ टक्क्यांनी कमी दिसेल. उंच, चौकोनी एसयूव्हीला वारा जास्त अडवतो, त्यामुळे तिचं उत्तर खऱ्यापेक्षा कमीच येतं.