सोयाबीन निघालं, वावरात मेंढ्या बसवा, पण वाघर रोज हलवा

नागपूर जिल्ह्यात सोयाबीनची वावरं मोकळी झाली की मेंढपाळांचे कळप गावोगाव उतरू लागतात. पावसाच्या सुरुवातीला गाभण राहिलेल्या मेंढ्याही पाच महिन्यांनी, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात वितात. मातीला खत आणि कोकरांना दूध अशी दोन्हीची गरज एकाच वेळी येते. दोन्ही साधायचं असेल तर कळप हलता राहिला पाहिजे.

आधी रात्रीच्या मुक्कामाचं पाहू. शंभर मेंढ्यांना 10 बाय 12 मीटरचा वाडा पुरतो. रोज संध्याकाळी वाघर, म्हणजे कळपाभोवतीचं जाळ्याचं कुंपण, पुढे सरकवली तर एकर साधारण 33 रात्रींत होतो; तीनशे मेंढ्या असतील तर 11 रात्रींत. आपल्याकडे बरेचदा सोयीच्या एका कोपऱ्यात आठ-आठ दिवस कळप बसतो. मग तिथलं पीक माजून लोळतं आणि उरलेलं वावर तसंच राहतं. लेंडीखतात नत्र सुमारे 3 टक्के असतं, पण वावरात बसवण्याचा खरा फायदा मूत्राचा आहे. गाडीने आणलेल्या खतात ते येत नाही. कळप पुढे सरकला की दुसऱ्या दिवशीच हलकी वखराची पाळी द्या, नाहीतर नत्र उन्हात उडून जातं. मात्र अवकाळी पाऊस झाला असेल तर थांबा. मूठभर काळी माती दाबून तिचा गोळा होत असेल तर खुरांनी ती जमीन चोपली जाते आणि ढेकळं हरभऱ्याच्या पेरणीला नडतात.

कापणीनंतर सांडलेल्या सोयाबीनच्या दाण्यांवर उपाशी कळप सोडू नका. जास्त दाणे खाल्ले की पोट बिघडतं आणि मेंढी दगावू शकते. आधी कुटार (मळणीनंतरचा भुसा) खाऊ घाला आणि पहिल्या दिवशी अर्ध्या तासात बाहेर काढा. कापलेल्या ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांपासूनही कळप दूर ठेवा, त्यात विष असतं.

धुरे (बांध) आणि पडीक चारताना जंतांचा हिशोब ठेवा. लेंडीतल्या अंड्यांपासून बाधा करणारी अळी उबदार ओलीत साधारण 5 ते 7 दिवसांत तयार होते. म्हणून एका तुकड्यावर चार दिवसांपेक्षा जास्त चारू नका आणि किमान दीड-दोन महिने तिथे परत येऊ नका. तेवढ्या विसाव्यात गवतही मुळापासून सावरतं. सकाळी दव उतरल्यावरच कळप सोडा. रामटेक, मौदा, कुहीकडच्या धानपट्ट्यात तलाव-बोड्यांचे काठ टाळा. तिथल्या गोगलगायींमार्फत यकृतातला चपटा कृमी येतो. सगळ्या कळपाला एकाच दिवशी तेच औषध पाजत राहिलं की जंत त्याला दाद देईनासे होतात. खालची पापणी उघडून पाहा. पांढरट असेल त्या मेंढीला वजनानुसार औषध द्या, लालसर असेल तिला सोडा.

आता काटोल, नरखेड, कळमेश्वरच्या संत्रा बागायतदारांसाठी, आणि हे मी कळकळीने सांगतो. बागेतलं गवत मेंढ्या छान साफ करतात, पण डिंक्यासाठी, म्हणजे खोडातून डिंक गळण्याच्या रोगासाठी, आपण बोर्डो मिश्रण वापरतो आणि त्यात मोरचूद, म्हणजे तांबं असतं. गाई-म्हशींच्या मानाने मेंढीला तांबं फार कमी सोसतं. ते यकृतात साठत जातं आणि एक दिवस अचानक डोळे पिवळे, मूत्र लाल-काळं होऊन जनावर पडतं. तोवर उपचाराला वेळ उरत नाही. बोर्डो फवारलेल्या बागेत त्या हंगामात मेंढ्या नकोच. गवत कापून जमिनीवरच आच्छादन म्हणून पसरा. खोडांना बोर्डो मलम लावलं असेल तर साल कुरतडू देऊ नका. गाईंचं क्षारमिश्रणही मेंढ्यांना देऊ नका, त्यातही तांबं असतं.

कपाशीत शेवटचा वेचा झाल्यावर कळप जरूर घाला. उरलेली बोंडं मेंढ्या खातात आणि त्यातली गुलाबी बोंडअळी तिथेच संपते. त्यानंतर फरदड (त्याच झाडांवरचं पुढचं पीक) न ठेवता पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, काढून टाका. नुकती फवारणी झाली असेल तर मात्र कळप आत जाता कामा नये.

विण्याच्या अंदाजे तीन-चार आठवडे आधी मेंढीला आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होण्याच्या रोगाची) लस द्या. चिकातून कोकराला संरक्षण मिळतं. नाळेला आयोडीन लावा आणि पहिल्या तासातच चीक पाजा. तीन किलोच्या कोकराला दिवसभरात 300 मिली तरी गेला पाहिजे. थंडीच्या रात्री कोकरं उघड्या वावरात ठेवू नका, कोरड्या कुटारावर आडोशाला ठेवा. पंधरा दिवसांनी शेवग्याचा कोवळा पाला टांगा, ती चघळायला शिकतात. पीपीआर या मेंढ्या-शेळ्यांच्या साथीच्या रोगाची लस कोकरं तीन-चार महिन्यांची झाल्यावर.

मेंढपाळदादांशी ठरवताना पैसे-धान्याचं बोलणं आपण आधी उरकतो. त्याआधी कोणत्या वावरात कोणतं औषध कधी फवारलं ते सांगा आणि बाटली दाखवा. बाजूच्या वावराचीही चौकशी करा, कारण कळप धुऱ्यावरूनच जातो.