आपोआप रिलीज काढताना या चुका टाळा

हळदीचा हंगाम भरात होता. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानातून दिवाणजींचा फोन आला: “दादा, ॲप उघडलं की अपडेट मागतंय. केलं तरी परत तेच. पट्ट्या कवा काढायच्या?”

चूक आमचीच होती. शेतकऱ्यांच्या पट्ट्या (मालविक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) छापणारं हे मुक्त-स्रोत डेस्कटॉप ॲप आम्ही तिघं सांभाळतो. रिलीज, म्हणजे नवी आवृत्ती, काढायला कोडवर टॅग (आवृत्तीच्या आकड्याची खूण) टाकला की गिटहब ॲक्शन्स, म्हणजे कोड ठेवायच्या गिटहब साइटची आपोआप कामं करणारी सेवा, विंडोज, मॅक आणि लिनक्सचे इन्स्टॉलर बांधते. त्या दिवशी टॅग २.४.० चा होता, पण कोडमधला आकडा २.३.९ च राहिला होता. ॲप गिटहबवरचा टॅग बघून नवं आलंय म्हणायचं आणि बसवल्यावर पुन्हा स्वतःला जुनंच समजायचं. आता वर्कफ्लोची (ॲक्शन्सला दिलेल्या कामांच्या यादीची) पहिली पायरी हे दोन आकडे ताडून बघते. जुळले नाहीत तर बिल्ड (इन्स्टॉलर बांधायचं काम) तिथंच थांबतो. बदलांची यादी टॅगवरून काढत असाल, तर चेकआउटला (कोड उतरवून घेणाऱ्या पायरीला) फेच-डेप्थ, म्हणजे मागचा किती इतिहास आणायचा तो आकडा, शून्य द्या; मग सगळा इतिहास येतो. एरवी ती एकच कमिट (कोडमधल्या बदलाची नोंद) आणते आणि मागचे टॅग सापडत नाहीत.

सगळ्यात जास्त मनस्ताप अर्धवट रिलीजचा. विंडोजचा बिल्ड संपला म्हणून रिलीज खुलं झालं आणि मॅकचा अजून ॲपलच्या नोटरायझेशनमध्येच (ॲप घातक नाही ना, या तपासणीत) अडकलेला, असं होतं. म्हणून रिलीज आधी ड्राफ्ट (लोकांना न दिसणारा मसुदा) ठेवा. तिन्ही बिल्ड पार पडल्याशिवाय पुढचा जॉब सुरूच होऊ देऊ नका. शेवटचं बटण आम्ही हातानेच दाबतो. त्याआधी एकजण यार्डातल्या जुन्या मशिनवर इन्स्टॉलर चालवून एक पट्टी छापून बघतो. ही पायरी यंत्रावर सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. आणि चुकीची फाइल त्याच टॅगवर बदलून टाकू नका. सरळ पुढचा आकडा काढा.

इलेक्ट्रॉन-बिल्डर (डेस्कटॉप ॲपचे इन्स्टॉलर बनवणारं साधन) वापरणाऱ्यांनी सहीचा, म्हणजे इन्स्टॉलर आपलाच आहे हे सांगणाऱ्या डिजिटल सहीचा, क्रम सांभाळावा. अपडेट करताना ॲप वाचतं त्या ‘लेटेस्ट डॉट वायएमएल’ फाइलीत इन्स्टॉलरचा एसएचए-५१२ हॅश (फाइलीवरून काढलेला ठसा) लिहिलेला असतो. ती बनल्यानंतर इन्स्टॉलरवर सही केली, तर इन्स्टॉलर बदलतो, हॅश जुळत नाही आणि अपडेट फसतं. १ जून २०२३ पासून नव्या कोड-सायनिंग प्रमाणपत्राची खासगी चावी हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते. त्यामुळे चावीची फाइल गिटहबच्या सीक्रेटमध्ये (गुप्त माहितीच्या कप्प्यात) टाकायची जुनी पद्धत आता धरू नका. क्लाउडवरून सही करून घ्या.

लिनक्सचा बिल्ड जुन्या आवृत्तीच्या कंटेनरमध्ये (वेगळ्या, बंदिस्त वातावरणात) करा. उबंटू या लिनक्सच्या २४.०४ मध्ये जीलिबसी (प्रोग्रॅमना लागणारी मूळ लायब्ररी) २.३९ आहे, २२.०४ मध्ये २.३५. नव्यावर बांधलेलं ॲप जुन्यावर उघडेलच असं नाही.

बाहेरच्या ॲक्शन (इतरांनी लिहिलेल्या तयार पायऱ्या) टॅगने नको, पूर्ण कमिट-हॅशने (त्या कमिटच्या न बदलणाऱ्या ओळखीने) पक्क्या करा. मार्च २०२५ मध्ये ‘टीजे-ॲक्शन्स’च्या ‘चेंज्ड-फाइल्स’चे टॅग हल्लेखोराने घातक कमिटकडे वळवले आणि अनेक प्रकल्पांची सीक्रेट्स लॉगमध्ये उघडी पडली. आमच्याकडे सहीच्या जॉबमध्ये गिटहबची स्वतःची चेकआउट सोडून दुसरी एकही ॲक्शन नाही.