मुंबईच्या कामात गोल्फचा राऊंड बसवताना या चुका टाळा

नाशिकमध्ये ‘गोल्फ क्लब’ म्हटलं की हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथं क्रिकेट रंगतं, सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी असते, गोल्फ मात्र नाही. देवळालीचा कोर्स लष्कराचा. त्यामुळे इथल्या हौशी खेळाडूचे बरेच राऊंड मुंबई, पुणे, दिल्लीच्या कामाला जोडूनच होतात, आणि ते फसतात तेव्हा बहुतेक वेळा घड्याळच आडवं आलेलं असतं.

कोर्सचं नाव बघून बेत आखणं

आधी काम कुठे आहे ते बघा. भेट दक्षिण मुंबईत आणि राऊंड खारघरला, असा बेत केलात तर अर्धा दिवस रस्त्यातच जातो. चेंबूरचा 1927 सालचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब नाशिककरांना सोयीचा. खेळून थेट ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे धरला की ठाणे, भिवंडी, कसारा. पण तो सदस्यांचा क्लब आहे. ताडदेवचं विलिंग्डनही तसंच. सदस्य ओळखीचा नसेल तर खारघर व्हॅलीचा सिडकोचा कोर्स पाहा, तिथं शुल्क भरून बाहेरच्यांना खेळता येतं. दिल्लीत लाडो सरायचा कुतुब गोल्फ कोर्सही असाच सर्वांसाठी खुला आहे.

फक्त खेळाचाच वेळ धरणं

सगळ्यात जास्त नुकसान ही चूक करते. चौघे चालत खेळले तर 18 होलला, म्हणजे चेंडू घालायच्या 18 खळग्यांच्या पूर्ण राऊंडला, चार ते साडेचार तास लागतात. त्याआधी नोंदणी, कॅडी (बॅग उचलणारा मदतनीस) ठरवणं, थोडे पटिंग (चेंडू खळग्यात ढकलण्याचा सराव) यासाठी पाऊण तास, आणि नंतर अंघोळ, बिल, बॅग आवरणं यासाठी पाऊण तास. म्हणजे सहा तास कोर्सवर, प्रवास वेगळाच.

आता हे पंचवटी एक्स्प्रेसच्या वेळेशी ताडून बघा. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोड सोडलं तरी चेंबूरला पोहोचेपर्यंत अकरा वाजतात. परतीची पंचवटी सीएसएमटीहून संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास सुटते. मधल्या वेळात 18 होल आणि कामाची भेट दोन्ही बसत नाहीत. आमचं स्पष्ट मत असं की आदल्या संध्याकाळी जाऊन कोर्सजवळ मुक्काम करावा, पहिल्या तासाभरातला टी टाइम (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) घ्यावा, अकराच्या आसपास मोकळं व्हावं आणि भेट दुपारी एकनंतर ठेवावी. एकाच दिवसात जाऊन यायचं असेल तर 9 होल खेळा, ते सव्वादोन तासांत आटोपतात.

दुपारचा टी टाइम घेत असाल तर सूर्यास्तावरून उलट मोजा. डिसेंबरात मुंबईत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे दीडनंतर 18 होल सुरू केले तर शेवटच्या दोन होलना चेंडू दिसेनासा होतो. दिल्लीत जानेवारीत सकाळच्या धुक्याने सुरुवातच लांबते, तिथं पहिला टी टाइम घेऊन दुपारचं विमान पकडायचा हट्ट नको.

फोन न करता वार ठरवणं

बऱ्याच क्लबांत सोमवारी देखभालीसाठी कोर्स बंद असतो आणि शनिवार-रविवारची सकाळ सदस्यांसाठी राखीव असते. पाहुण्यांना मंगळवार ते शुक्रवार बरा. फोनवर चार गोष्टी नक्की विचारा: हँडिकॅपचा (खेळाची पातळी सांगणाऱ्या आकड्याचा) दाखला लागतो का, ग्रीन फीमध्ये (खेळण्याच्या शुल्कात) कॅडी धरलाय की वेगळा, भाड्याने काठ्यांचा सेट मिळतो का, आणि किती होल चालू आहेत. पावसाळ्यात शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कॅडीसाठी रोख पैसे, सुट्यांसह, जवळ ठेवा.

पूर्ण बॅग घेऊन निघणं

नियमाने जास्तीत जास्त 14 क्लब, म्हणजे खेळायच्या काठ्या, चालतात, पण पासधारकांनी भरलेल्या पंचवटीत एवढी उभी बॅग ठेवायला जागा सापडत नाही. सीटखाली ती जात नाही, वरच्या फळीवरून बाहेर येते, आणि दाराजवळ ठेवली तर कल्याणला उतरणाऱ्यांच्या पायात. रेल्वेने जाताना हलकी बॅग आणि सात क्लब पुरतात: लांबच्या फटक्याला हायब्रिड, 5, 7, 9 नंबरचे आयर्न, जवळच्या फटक्यांना पिचिंग वेज आणि सँड वेज, आणि खळग्याजवळ पटर.

ओझरहून विमानाने जाणार असाल तर क्लब केबिनमध्ये नेता येत नाहीत, चेक-इन करावे लागतात. भरलेली बॅग 12 ते 15 किलोंची होते, म्हणजे कपड्यांसकट वजनाची मर्यादा सहज ओलांडते. रेंजफाइंडरची (अंतर मोजायच्या यंत्राची) सुटी लिथियम बॅटरी मात्र हातातल्या सामानातच ठेवा.

भाड्याचा सेट घेतलात तर शाफ्टवरचं (काठीच्या दांड्यावरचं) ‘आर’ (रेग्युलर) की ‘एस’ (स्टिफ, म्हणजे ताठ) हे अक्षर बघा. मध्यम वेगाच्या स्विंगला ‘एस’ कडक पडतो, चेंडू खाली आणि उजवीकडे जातो. ग्रिप गुळगुळीत झाली असेल तर ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा. डावखुऱ्यांना भाड्याचा सेट मिळेल असं गृहीत धरू नका. ग्लोव्ह दोन न्या, मुंबईच्या दमटपणात एक नवव्या होलपर्यंत भिजतो. कॉलरचा टी-शर्ट हवा, जीन्स नको, बुटांना सॉफ्ट स्पाइक (मऊ खिळे).

नाशिकचेच यार्ड धरून खेळणं

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच. मुंबईत हवा दाट, चेंडू किंचित कमी जातो: इथं 150 यार्ड जाणारा 7 आयर्न तिथं साधारण तीन-चार यार्ड कमी पडतो. त्याहून मोठा फरक दुपारनंतर पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याचा. तो समोर असेल तर एक क्लब जास्त, म्हणजे एक पायरी लांब जाणारा, घ्या.

आणि राऊंड रेंगाळला तर? चेंडू शोधायला तीनच मिनिटं असतात. हरवल्याची शंका येताच प्रोव्हिजनल (राखीव दुसरा चेंडू) मारून ठेवा, म्हणजे परत टीवर (पहिला फटका मारायच्या जागी) चालत जावं लागत नाही. सहाव्या होलला दीड तासाच्या वर गेलात तर नवव्या होललाच थांबायचं ठरवा आणि कॅडीला ते तेव्हाच सांगा.