एटीव्हीचे टायर: निवडायचे कसे, टिकवायचे कसे

कारच्या टायरमध्ये साधारण ३०-३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा असते. एटीव्हीच्या, म्हणजे कच्च्या वाटांवर चालणाऱ्या हँडलवाल्या छोट्या गाडीच्या, टायरमध्ये बहुतेक वेळा ४ ते ८. इतक्या कमी दाबावर टायर हा सस्पेन्शनचाच भाग होऊन जातो. होंडाने १९७० साली यूएस ९० ही तीनचाकी बाजारात आणली तेव्हा तिला सस्पेन्शन नव्हतंच. सगळे हादरे तिचे फुगीर टायरच झेलायचे. आजच्या गाड्यांना चांगले शॉकअब्सॉर्बर आहेत, तरी टायरचा तो वाटा संपलेला नाही. त्यामुळे नक्षी कितीही भारी घेतली आणि हवा चुकली, तर पैसे वायाच गेले समजा.

टायरवर काय लिहिलेलं असतं

२५×८-१२ याचा अर्थ: हवा भरल्यावर टायरची उंची २५ इंच, रुंदी ८ इंच आणि रिम १२ इंचाची. आडव्या रेषेऐवजी 'आर' असेल तर टायर रेडियल (आतले थर सरळ आडवे), नाहीतर बायस-प्लाय (थर तिरपे). रेडियल कडक जमिनीवर आणि वेगात जास्त स्थिर व आरामशीर चालतो. बायस-प्लायची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, ताठ असते आणि तो सहसा स्वस्त पडतो. पुढे प्लाय रेटिंग येतं: २, ४, ६, ८. हा आकडा ताकदीचा दर्जा सांगतो. आत तितके थर असतीलच असं नाही. दगडगोटे, तोडलेल्या झुडपांचे खुंट, काटे अशा वाटेवर ६ च्या खाली जाऊ नका. मऊ मातीत, हलक्या गाडीला ४ पुरतं आणि चालही मऊ राहते. गरज नसताना ८ घेतला तर टायर जड होतो आणि कमी हवेतही नीट दबत नाही.

तारीखही बघा. चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३५२१ म्हणजे २०२१ चा ३५ वा आठवडा. 'नवा' म्हणून विकायला ठेवलेला टायर कित्येक वर्षं गोदामात पडून असू शकतो.

निवड: गाडी खरी कुठे फिरते ते आधी ठरवा

वर्षातून दोनदा लागणाऱ्या चिखलासाठी चिखलाचे टायर घेतले, तर उरलेलं वर्षभर त्यांचे हादरे खात बसावं लागतं. हा कौल अगदी स्पष्ट द्यावासा वाटतो: वाट मिश्र असेल तर ऑल-टेरेनच घ्या. नक्षीचे ठोकळे, म्हणजे लग, मध्यम खोलीचे आणि जवळजवळ असतात. त्यामुळे टायर मुरमावर, गवतात, ओल्या मातीत सगळीकडे बऱ्यापैकी पकडतो आणि झिजतोही सावकाश.

चिखलाच्या टायरचे लग इंचभर किंवा त्याहून खोल आणि लांब-लांब असतात, म्हणजे चाक फिरताना चिखल झटकला जातो. कडक जमिनीवर मात्र तेच लग वाकतात, हँडल थरथरतं आणि झिजही पटकन होते. चिखलाखाली कडक थर असेल तर अरुंद टायर चिखल कापून तिथवर पोचतो. खाली तळच लागत नसेल तर रुंद टायर वर तरंगत राहतो. वाळूसाठी मागे पॅडल (वल्ह्यासारख्या आडव्या पट्ट्यांचे) आणि पुढे उभ्या कण्यांचे गुळगुळीत टायर लागतात, पण वाळूबाहेर ते कुचकामी. खडकावर मऊ रबर, साइडवॉलवर चढलेले लग आणि जास्त प्लाय बघा. डांबरी रस्त्यावर कुठलाच एटीव्ही टायर खूश नसतो: लग तापतात, पटापट झिजतात आणि वळताना गाडी अडखळते.

मोठा टायर घालण्याआधी

२५ चा २७ केला तर जमिनीपासूनची उंची दोन नाही, एकच इंच वाढते, कारण अर्धा फरक अ‍ॅक्सलच्या वर जातो. परीघ मात्र ८ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे गिअरिंग तितकंच लांबतं, चढावर ओढ कमी पडते, इंजिनाची ताकद पुढे नेणाऱ्या बेल्टवर ताण येतो आणि वेगमापक (तो चाकाच्या किंवा गिअरच्या फेऱ्यांवर चालत असेल तर) ५० दाखवतो तेव्हा गाडी ५४ ने चाललेली असते. वजन वाढल्याने ब्रेक, बेअरिंग आणि सीव्ही जॉइंट (चाकांना ताकद पोचवणारे वाकते सांधे) लवकर थकतात. हँडल पूर्ण वळवून आणि सस्पेन्शन पूर्ण दाबून टायर कुठे घासतो का, हे बसवल्याबरोबर तपासा.

फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत पुढच्या-मागच्या टायरच्या परिघांचं प्रमाण कंपनीने ठरवलेलं असतं. फक्त मागची जोडी मोठी केली की पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडत राहतात आणि ते भांडण डिफरन्शिअलच्या (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या) दातांवर निघतं. चारही बदला किंवा मूळ मापच ठेवा.

हवा

आकडा गाडीवरच्या स्टिकरचा धरा. टायरवर लिहिलेला मोठा आकडा बहुधा बीड (टायरची रिमला घट्ट बसणारी आतली कड) बसवतानाच्या कमाल दाबाचा असतो, चालवायचा नव्हे. गेज ० ते १० किंवा १५ पीएसआयचं, अर्ध्या-अर्ध्या खुणांचं हवं. कारचं गेज ५ च्या आसपास अंदाजच सांगतं, आणि ५ मध्ये १ ची चूक म्हणजे थेट २० टक्के.

मोजायचं ते टायर थंड असताना. ६ पीएसआयच्या टायरमध्ये तापमान १० अंशांनी घसरलं की दाब साधारण ०.७ ने कमी होतो. दुपारी बरोबर भरलेला टायर पहाटे बसलेला दिसतो तो यामुळे. उंचीचा परिणाम फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. समुद्रसपाटीवर ५ भरून १००० मीटर चढलात की बाहेरचा दाब घटतो आणि तेच गेज जवळपास ६.६ दाखवतं. कारमध्ये हे जाणवत नाही, इथे गाडी उड्या मारायला लागते. वर पोचल्यावर पुन्हा मोजा.

कमी हवेत टायर पसरतो, पकड वाढते, पण एका मर्यादेपर्यंतच. त्याखाली दगडावर रिम आपटते, साइडवॉल चिमटते आणि जोरात वळताना बीड रिमवरून सुटते. सामान लादणार असाल तर स्टिकरवरचा भारासाठीचा दाब भरा. मोठ्या कॉम्प्रेसरने भरताना हवा काही सेकंदांत मर्यादेपलीकडे जाते. थोडी-थोडी भरून मधे मधे मोजा, नाहीतर सरळ पायपंप वापरा.

दाब सारखा असूनही गाडी एका बाजूला ओढत असेल, तर एकाच अ‍ॅक्सलवरच्या दोन्ही टायरचा परीघ मध्यावरून टेपने मोजा. मागचा अ‍ॅक्सल सलग असेल तर थोडा फरकही जाणवतो. मोठ्या टायरमधली हवा किंचित कमी करून जोडी जुळवता येते.

पंक्चर

जवळ ठेवायचं सामान: घासणी (भोक खरवडायचं टोकदार हत्यार), सुई, रबर सिमेंट, भोकात घालायच्या किमान ५-६ रबरी पट्ट्या, पक्कड, व्हॉल्व्हची पिन आणि पंप.

१. खिळा किंवा काटा कोणत्या कोनात घुसलाय ते बघून मग उपटा.
२. घासणी त्याच कोनात ८-१० वेळा आत-बाहेर करा. हे कष्ट वाचवले तर पट्टी धरत नाही.
३. पट्टी सुईत ओवा, तिला सिमेंट लावा आणि बाहेर १ ते १.५ सेंटिमीटर टोकं राहतील इतकीच आत ढकला.
४. सुई न पिळता, सरळ झटक्यात ओढा.
५. टोकं ३ मिलिमीटर ठेवून कापा, हवा भरा, साबणाचं पाणी टाकून बुडबुडे बघा.

मोठ्या चिरेत दोन-तीन पट्ट्या शेजारी-शेजारी घालता येतात. साइडवॉल मात्र सतत वाकते, त्यामुळे तिथली पट्टी फक्त हळूहळू घरी पोचण्यापुरती. नंतर तो टायर बदलायचा.

बीड बसवताना

रिमच्या कडा ब्रशने घासा, टायरच्या बीडला साबणाचं पाणी लावा, फिरण्याच्या दिशेचा बाण बघा. व्हॉल्व्हची पिन काढून हवा भरली तर ती झपाट्याने आत जाते. हवा धरतच नसेल तर नक्षीच्या मधोमध पट्टा आवळा, बीड बाहेर ढकलली जाते. दोन्ही बाजूंनी 'टप्' असा आवाज यायला हवा, आणि रिमलगतची गोल रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर दिसायला हवी. टायरवर लिहिलेल्या कमाल दाबापर्यंत जाऊनही बसली नाही तर हवा सोडा, पुन्हा साबण लावा. दाब आणखी वाढवू नका. फुटलेला टायर किंवा तडकलेली रिम जीव घेऊ शकते. पेटणारा स्प्रे मारून बीड बसवणं तर कधीच नको.

चाक लावताना नट आलटून-पालटून समोरासमोरचे आवळा, मॅन्युअलमधल्या टॉर्कने. निमुळत्या नटाचं निमुळतं तोंड रिमकडे. पहिल्या फेरीनंतर पुन्हा तपासा, विशेषतः रिम नवी असेल तर.

झीज आणि निगा

मधोमध झीज म्हणजे हवा जास्त, दोन्ही कडांना म्हणजे कमी. एकाच कडेची किंवा करवतीसारखी झीज दिसली तर चाकांचा टो (वरून बघता चाकं पुढून आत किंवा बाहेर वळलेली असण्याचं माप) बिघडलाय. तो न सुधारता नवे टायर घालू नका. बहुतेक मॅन्युअल ३ ते ४ मिलिमीटर नक्षी उरली की टायर बदला असं सांगतात, पण लगच्या पुढच्या कडा गोल झाल्या की पकड त्याआधीच जाते.

रोज रात्रीत थोडी हवा उतरत असेल तर बहुधा पंक्चर नसतंच, बीड आणि रिमच्या मधे वाळू किंवा वाळलेला चिखल अडकलेला असतो. म्हणून चिखलातून आल्यावर तो भाग पाण्याने धुवा. व्हॉल्व्हचा दांडा बोटाने वाकवून बघा, बुडाशी भेगा दिसल्या तर बदला. नव्या टायरबरोबर नवा दांडा घालणं केव्हाही चांगलं.

गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर ती ठोकळ्यांवर उचलून ठेवा, नाहीतर टायर एका जागी चपटा होतो. ऊन आणि चालू इलेक्ट्रिक मोटर (पंप वगैरेंच्या) यांपासून लांब ठेवा; अतिनील किरण आणि ओझोन, दोन्ही रबर तडकवतात. चकाकी आणणारे तेलकट पॉलिशही नको. पुन्हा बाहेर काढताना हवा भरा, साइडवॉलवर भेगा शोधा, चारही टायरच्या बीडला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा आणि मगच सीटवर बसा.